सोलमध्ये शिकत असताना ग्योंगबोकगुंग राजवाडा नीट कसा पाहावा?

प्रश्न थोडक्यात असा: सोलच्या विद्यापीठात एका सत्रासाठी जायचं आहे, ग्योंगबोकगुंग राजवाडा पाहायचा आहे. किती वेळ ठेवावा, तिकीट आणि हानबोकचं (पारंपरिक कोरियन पोशाखाचं) काय, गाइडशिवाय काही कळतं का, आणि शहरातले बाकीचे राजवाडे पाहण्याजोगे आहेत का?

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. पर्यटकाकडे एक दिवस असतो, तुमच्याकडे चार महिने आहेत. तेव्हा पर्यटकासारखं एका फेरीत सगळं उरकू नका. पहिल्या फेरीत पुढच्या मोठ्या चौकांपासून राजाच्या निवासापर्यंतचा मधला भाग बघा, दुसऱ्या फेरीत मागचा भाग. बहुतेक जण दरबाराची इमारत आणि तळ्यातला मंडप पाहून, फोटो काढून परत फिरतात. मागे जे आहे ते त्यांच्या हाती लागतच नाही, आणि माझ्या मते राजवाड्याचा जीव तिथेच आहे. विद्यापीठाच्या भाषा संस्थेची सहल याच राजवाड्यावर जाणार असेल, तर तीच पहिली फेरी समजा. सहलीत बहुधा पुढचाच भाग होतो.

वार चुकणं हा सगळ्यात जास्त घडणारा घोटाळा. ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद असतो. छांगदोकगुंग, छांगग्योंगगुंग आणि दोक्सुगुंग हे शहरातले बाकीचे तीन राजवाडे सोमवारी बंद. राजघराण्याच्या पूर्वजांचं देवस्थान असलेलं जोंगम्यो पुन्हा मंगळवारी बंद. बंदच्या वारी सार्वजनिक सुट्टी आली तर राजवाडा उघडतो आणि सुट्टी त्यानंतरच्या कामाच्या दिवशी घेतली जाते. ग्योंगबोकगुंग सकाळी ९ ला उघडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी ५ पर्यंत, मार्च ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ६ पर्यंत, जून ते ऑगस्ट साडेसहापर्यंत. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या तासभर आधी. हिवाळ्यात दुपारचं लेक्चर संपवून चार वाजून पाच मिनिटांनी पोहोचलात, तर फाटकावरूनच परत यावं लागेल.

तिकीट ३,००० वॉन, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. परदेशी पाहुण्यांपैकी १९ ते ६४ वयाच्यांना ते काढावं लागतं, १८ पर्यंतच्यांना प्रवेश मोफत. कोरियन नागरिकांना मात्र २४ व्या वर्षापर्यंत मोफत आहे. त्यामुळे वर्गातले कोरियन मित्र थेट आत जातात आणि तुम्हाला खिडकीवर उभं राहावं लागतं. यात कुणी तुमची अडवणूक करत नाही, नियमच तसा आहे. महिन्याच्या शेवटच्या बुधवारी सगळ्यांना मोफत असतं, पण गर्दीही त्याच हिशेबाने. दर आणि वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी राजवाड्याच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका किंवा १३३० या पर्यटक हेल्पलाइनवर इंग्रजीत विचारा.

जायचं मेट्रोने. तिसऱ्या लाइनच्या ग्योंगबोकगुंग स्टेशनवर उतरून ५ नंबरच्या एक्झिटने वर या, थेट राजवाड्याच्या आवारात पोहोचता. पण पहिल्यांदा जात असाल तर पाचव्या लाइनच्या ग्वांगह्वामुन स्टेशनवर उतरून चौकातून चालत या. समोर ग्वांगह्वामुन दरवाजा, त्याच्या मागे राजवाडा आणि पाठीशी बुगाकसान डोंगर, हा क्रम मुद्दाम आखलेला आहे आणि तो दक्षिणेकडून आल्याशिवाय कळत नाही. रस्ता शोधायला गूगल मॅप्सवर विसंबू नका. कोरियात त्याची पायी चालण्याची वाट नीट मिळत नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप फोनमध्ये घ्या, दोन्ही इंग्रजीत चालतात. आणखी एक: शनिवारी ग्वांगह्वामुन चौकात बऱ्याचदा मोर्चे आणि सभा असतात. रस्ते बंद होतात, लाउडस्पीकर दिवसभर चालू असतात. शांतपणे पाहायचं असेल तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी ९ लाच फाटकावर असा.

पहारा बदलण्याचा सोहळा सकाळी १० आणि दुपारी २ वाजता, ग्वांगह्वामुन आणि त्यामागच्या हुंगन्येमुन दरवाजामधल्या चौकात होतो. वीसेक मिनिटं चालतो. तो पाहायला तिकीट लागत नाही, कारण तिकिटाची तपासणी हुंगन्येमुनला होते. पंधरा मिनिटं आधी दोरीला लागून उभे राहा, नाहीतर पुढच्यांचे मोबाइलच दिसतील. माझा सल्ला असा की ९ ला आत शिरून दरबाराचा चौक रिकामा असताना बघून घ्या आणि सकाळच्या सोहळ्याचा नाद सोडा. १० ला सगळे बाहेरच्या चौकात गोळा होतात, तेव्हा आतला भाग आणखी निवांत मिळतो. सोहळ्यासाठी २ ला बाहेर या, किंवा पुन्हा कधीतरी.

आता इमारतींकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, नाहीतर सगळंच सहाशे वर्षांपूर्वीचं आहे असा समज होतो. जोसॉन घराण्याचा पहिला राजा थेजो याने १३९५ मध्ये हा राजवाडा बांधला. १५९२ मध्ये जपानी स्वारीच्या वेळी तो जळाला. त्यानंतर पावणेतीनशे वर्षं जागा ओसाड होती आणि राजे छांगदोकगुंगमधून कारभार पाहत. गोजोंग राजा लहान असताना त्याचे वडील हुंगसॉन देवॉनगुन यांनी १८६५ मध्ये बांधकाम पुन्हा सुरू केलं आणि १८६८ मध्ये राजा इथे राहायला आला. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केल्यावर बहुतेक इमारती पाडल्या किंवा विकल्या गेल्या. आज हुंगन्येमुन आहे त्या भागात, दरबाराच्या तोंडावर, जपानी गव्हर्नर-जनरलचं प्रचंड दगडी कार्यालय १९२६ मध्ये पुरं झालं. ते १९९५-९६ मध्ये पाडण्यात आलं आणि हुंगन्येमुन २००१ मध्ये पुन्हा उभा राहिला. ग्वांगह्वामुन तर आधी बाजूला हलवला गेला, कोरियन युद्धात जळाला, १९६८ मध्ये काँक्रीटचा झाला आणि २०१० मध्ये मूळ जागी लाकडात उभारला गेला. त्याच्या पुढचा दगडी चौथरा आणि काळ्या पाटीवरची सोनेरी अक्षरं २०२३ ची आहेत.

मग जुनं काय उरलं? दरबाराची इमारत ग्युनजोंगजोन, तळ्यातला ग्योंगह्वेरू मंडप, सुजोंगजोन, राजमातेचं निवासस्थान जाग्योंगजोन, ह्यांगवॉनजोंग मंडप, राजाचं ग्रंथालय जिबोकजे आणि आणखी मोजक्या वास्तू. या एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. राजाचं निवासस्थान कांगन्योंगजोन आणि राणीचं ग्योतेजोन १९९५ मध्ये नव्याने बांधले. त्यांच्या जुन्या इमारतींचं लाकूड १९१७ मध्ये छांगदोकगुंगला आग लागल्यावर त्याच्या दुरुस्तीसाठी उचलून नेलं होतं, आणि ते आजही तिथल्या हुईजोंगदांग आणि देजोजोन या इमारतींत उभं आहे. म्हणजे ग्योंगबोकगुंगच्या राजाचं खरं घर पाहायचं तर दुसऱ्या राजवाड्यात जावं लागतं. दोन्ही राजवाडे पाहिलेच पाहिजेत, असं मी म्हणतो त्याचं हे एक मोठं कारण.

ग्युनजोंगजोनच्या चौकात अर्धा तास द्या, आणि तिथे पहिल्यांदा वर नाही, खाली बघा. जमिनीवरच्या ग्रॅनाइटच्या फरशा ओबडधोबड आहेत, एकही घोटीव नाही. कारागिरांना येत नव्हतं म्हणून नव्हे. खडबडीत दगडावर ऊन चमकून डोळ्यांत जात नाही, आणि कातडी तळव्याच्या जोड्यांतले दरबारी पावसात घसरत नाहीत. चौक उत्तरेकडून दक्षिणेकडे किंचित उतरता आहे. जुलैच्या पावसात गेलात तर पाणी फरशांच्या सांध्यांतून दक्षिणेच्या कोपऱ्यांकडे पळताना दिसेल. मधोमध तीन पट्ट्यांची दगडी वाट आहे. मधली रुंद आणि उंच पट्टी राजाची. वाटेच्या दोन्ही अंगांना बारा-बारा दगड उभे आहेत, त्यांवर दरबारातला दर्जा कोरलेला आहे. पूर्वेला मुलकी अधिकारी, पश्चिमेला लष्करी. फरशीत आणि इमारतीच्या खांबांजवळ लोखंडी कड्या दिसतील, त्यांना दोर बांधून समारंभाच्या वेळी छत ताणत. बहुतेक लोक या कड्यांवरून चालत जातात आणि त्यांना त्या दिसतही नाहीत.

इमारतीच्या कोपऱ्यांत धातूची रुंद तोंडाची पात्रं आहेत. त्यात पाणी भरलेलं असे. आगीचा राक्षस आला तर पाण्यात स्वतःचंच तोंड पाहून घाबरून पळेल, अशी समजूत. लाकडी राजवाड्याला आगीची भीती किती होती, हे १५९२ आणि १९१७ या दोन सालांवरून कळतंच. इमारत बाहेरून दुमजली वाटते, पण आतून छतापर्यंत मोकळी आहे. आत जाता येत नाही. मधल्या दारातून सिंहासन आणि त्यामागचा सूर्य, चंद्र आणि पाच शिखरांचा पडदा दिसतो, पण तिथे रेटारेटी असते. बाजूच्या दारांशी जा, उंबऱ्यावर पाय न ठेवता मान वर करा: छताच्या मधोमध सोनेरी ड्रॅगनांची जोडी आहे आणि त्यांच्या पंजांना सात-सात नखं आहेत. चौकाचा फोटो आग्नेय कोपऱ्यातून घ्या. इमारतीच्या वळलेल्या छपरामागे बुगाकसान आणि डावीकडे इन्वांगसान असे दोन्ही डोंगर एका चौकटीत येतात.

पुढे साजोंगजोन, म्हणजे राजाची रोजच्या कामाची जागा. तिच्या दोन्ही बाजूंना लहान इमारती आहेत. मधल्या इमारतीत जमीन तापवण्याची सोय नाही, बाजूच्यांत आहे, त्यामुळे थंडीत राजा तिथे बसे. ही सोय म्हणजे ओंदोल. इमारतीला मागून किंवा बाजूने वळसा घाला. जोत्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर काळवंडलेली चौकोनी तोंडं दिसतील. तिथे सरपण जाळत, धूर आणि आच जमिनीखालच्या दगडी वाटांतून खोलीभर फिरे आणि दूरच्या धुराड्यातून बाहेर पडे. म्हणून या राजवाड्यात धुराडी छपरावर नसतात, बागेत उभी असतात. ग्योतेजोनच्या मागे पायऱ्यापायऱ्यांच्या बागेत विटांची षट्कोनी धुराडी आहेत, आणि जाग्योंगजोनच्या मागच्या भिंतीत दीर्घायुष्याची दहा चिन्हं, म्हणजे सूर्य, पाइन, हरीण, सारस, कासव वगैरे, मढवलेलं धुराडं आहे. अनेक खोल्यांचा धूर त्या एका भिंतीत एकत्र येतो. राणीच्या अंगणातल्या माणसाला धुराड्यासारखी गोष्टही देखणी हवी होती, आणि ती तशी केली गेली. हे पाहिल्याशिवाय परत फिरू नका.

कांगन्योंगजोन आणि ग्योतेजोनच्या छपरांवर आडवा पांढरा कणा नाही, तो इतर मोठ्या इमारतींवर आहे. त्या कण्याला कोरियनमध्ये 'ड्रॅगनचा कणा' म्हणतात. राजा स्वतःच ड्रॅगन, त्याच्या डोक्यावर आणखी एक कशाला, असा त्याचा अर्थ लावतात. छपरांच्या कोपऱ्यांवर बसलेल्या मातीच्या आकृत्याही मोजा. ग्योंगह्वेरूवर त्या अकरा आहेत. हा मंडप ४८ दगडी खांबांवर उभा आहे, बाहेरचे चौकोनी, आतले गोल. परदेशी राजदूतांच्या मेजवान्या इथे होत. वर जायला वर्षाच्या उबदार महिन्यांत वेगळं आरक्षण लागतं. मिळालं तर सोडू नका. शेजारची सुजोंगजोन कोरियन शिकणाऱ्यांनी तरी चुकवू नये. ज्या विद्वत्सभेची इथे जागा होती, तिच्याच काळात सेजोंग राजाने १४४३ मध्ये हांगुल लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर झाली.

दुसऱ्या फेरीचा भाग म्हणजे उत्तरेकडचा. तळ्याच्या बेटावरचा षट्कोनी ह्यांगवॉनजोंग, त्याला जोडणारा लाकडी पूल २०२१ मध्ये पुन्हा मूळ जागी, म्हणजे उत्तर बाजूला आणला. कारण राजा उत्तरेच्या घरातून येत असे. ते घर म्हणजे गॉनछोंगगुंग, रंग न दिलेल्या लाकडाचं, साध्या सरदारी वाड्यासारखं. १८८७ मध्ये कोरियातले पहिले विजेचे दिवे इथे लागले. आणि इथेच ८ ऑक्टोबर १८९५ ला जपानी मारेकऱ्यांनी गोजोंगची राणी मिन हिची हत्या केली. पुढे ती सम्राज्ञी म्योंगसॉन म्हणून ओळखली गेली. आजची वास्तू २००७ ची आहे. कोरियन माणसाला ही जागा हळवी करते. इथे हसत-खिदळत पोझ देऊ नका. वर्गात जपानी मित्र असतील तर त्यांच्यासोबत इथे जाणं टाळायची गरज नाही, पण चेष्टेचा विषय नाही एवढं भान ठेवा.

गाइडविषयी: इंग्रजीतली मोफत फेरी रोज काही ठरलेल्या वेळांना हुंगन्येमुनच्या आतल्या माहिती केंद्रापासून निघते. साधारण तास-सव्वा तासाची. पहिल्या फेरीत ती घ्या, दुसऱ्या फेरीत स्वतः फिरा. पहिली फेरी अडीच-तीन तास, दुसरी दोन तास असा हिशेब धरा.

हानबोक घालावा का? हौस असेल तर जरूर, आणि त्यात प्रवेशही मोफत होतो. अट अशी की वरचा आणि खालचा, दोन्ही कपडे हानबोकचे हवेत. जीन्सवर नुसती चोळीवजा जॅकेट चढवली तर चालत नाही. दुकानं ग्योंगबोकगुंग आणि आनगुक स्टेशनांभोवती आहेत. भाडं तासांवर असतं आणि साधे कपडे स्वस्त, भरजरी महाग. वेळ कपडे घालायला सुरुवात केल्यापासून मोजतात की बाहेर पडल्यापासून, हे आधीच विचारा, कारण केस आणि कपडे यांत अर्धा-पाऊण तास सहज जातो. उशीर झाला तर जादा पैसे. अनामत म्हणून ओळखपत्र मागितलं तर पासपोर्ट किंवा परदेशी नोंदणी कार्ड ठेवू नका, रोख अनामत द्या. पायात स्वतःचे सपाट बूट असू द्या. त्या खडबडीत फरशीवर टाचांचे बूट आणि घेरदार परकर ही पडण्याची खात्रीशीर तयारी आहे. पण ज्या दिवशी हानबोक, त्या दिवशी अभ्यासाची फेरी नको. घड्याळाकडे बघत जोत्यातली तोंडं शोधता येत नाहीत.

छांगदोकगुंग हा १४०५ चा, १९९७ पासून जागतिक वारसा यादीत. ग्योंगबोकगुंग सपाट जमिनीवर सरळ रेषेत मांडला आहे, हा डोंगराच्या उतारानुसार वळत गेलेला. एकच राजवाडा निवडा म्हणाल तर मी हाच निवडेन. राजवाड्याचं तिकीट ३,००० वॉन आणि मागच्या बागेचं, हुवॉनचं, वेगळं ५,००० वॉन. बागेत ठरलेल्या वेळी गटानेच जाता येतं. ऑनलाइन आरक्षण सहा दिवस आधी सकाळी १० ला उघडतं. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पानं लाल होतात तेव्हा शनिवार-रविवारची तिकिटं मिनिटांत संपतात. काही तिकिटं त्याच दिवशी खिडकीवर मिळतात, त्यासाठी ९ च्या आधी रांगेत उभे राहा. आनगुक स्टेशन, एक्झिट ३. बागेत चढउतार आहे, वेळ दीड तासापर्यंत. गटाची वेळ चुकली तर पुढच्या गटात घेतीलच असं नाही, आणि फाटकापासून बागेच्या तोंडापर्यंत दहा मिनिटं चालायचं असतं. लोक नेमके तिथेच चुकतात.

दिवसभर वर्ग असतील त्यांच्यासाठी दोक्सुगुंग आणि छांगग्योंगगुंग हे दोन्ही रात्री ९ पर्यंत उघडे असतात, शेवटचा प्रवेश ८ ला, तिकीट १,००० वॉन. छांगग्योंगगुंगमध्ये जपानी अमलात प्राणिसंग्रहालय केलं होतं, ते १९८० च्या दशकात हलवलं. ग्योंगबोकगुंगची रात्रीची फेरी मात्र फक्त वसंत आणि शरदातल्या ठरावीक दिवशी असते, तिकिटं ऑनलाइन जातात. परदेशी लोकांसाठी खिडकीवर काही राखून ठेवतात, तेव्हा मूळ ओळखपत्र सोबत हवं.

ड्रोन नेऊ नका, तो भाग उड्डाणबंदीचा आहे. ट्रायपॉडही घरी ठेवा. जानेवारीत तापमान उणे दहापर्यंत जातं आणि आत ऊब घ्यायला जागा जवळजवळ नाही. वारा चुकवायचा तर आवारातलं लोकजीवन संग्रहालय किंवा मेट्रो एक्झिटजवळचं राजवाडा संग्रहालय, दोन्ही मोफत. मार्च-एप्रिलमध्ये पिवळ्या धुळीचे दिवस येतात, मास्क ठेवा. शाकाहारी असाल तर आवारात जेवणाची सोय धरून चालू नका. जवळ बिबिंबाप, म्हणजे भातावर भाज्या आणि लाल चटणी घालून कालवायचा पदार्थ, मिळतो. मागवताना 'कोगी प्पेजुसेयो', म्हणजे मांस काढा, असं सांगा. तरी किमचीत बहुधा मासळीचा अर्क असतो आणि लाल चटणीतही कधी मांस परतलेलं असतं, म्हणून चटणी वेगळी मागा आणि ती कशाची आहे हे विचारून मगच कालवा.